आधी कार्ड नीट वाच

प्रश्न : ताई, माझं लग्न ठरलंय, होणारा नवरा आर्मीत कॅप्टन आहे, पोस्टिंग कामठीला. 31 डिसेंबरला त्यांच्या ऑफिसर्स मेसमध्ये बॉल, म्हणजे डान्स-जेवणाची पार्टी आहे, मला आणि माझ्या भावाला बोलावलंय. कार्डावर लिहिलंय ‘1930 फॉर 2000 अवर्स’ आणि खाली ‘लाउंज सूट’. भाऊ म्हणतो जीन्सवर ब्लेझर टाकतो, कोण पाहून राहिलं तिथं! मला गाऊन घ्यावा लागेल का? आणि डान्स तर मला वरातीतला सोडून कोणताच येत नाही.
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : बाप्पा, किती घाबरून राहिली तू! अगं अर्धं उत्तर त्या कार्डातच आहे. 1930 फॉर 2000 म्हणजे साडेसातला पोचायचं आणि आठला कार्यक्रम सुरू, आपल्या लग्नासारखं साडेसातचं साडेनऊ तिथं होत नाही. चीफ गेस्ट आल्यावर मागून घुसणं फार वाईट दिसतं म्हणून मानेवाड्याहून सहालाच निघा, कामठी रोडचं ट्रॅफिक आणि गेटवर नाव-ओळखपत्र पाहण्यात वेळ जातोच. आधार कार्ड दोघांचंही जवळ ठेवा.

भावाला सांग, जीन्स अजिबात नाही. लाउंज सूट म्हणजे कोट-पँट एकाच कापडाची, टाय, बंद काळे बूट. ‘कॉम्बिनेशन’ लिहिलं असतं तर वेगळ्या रंगाच्या पँटवर ब्लेझर आणि टाय चाललं असतं, पण तिथंही जीन्स नाहीच. नसेल सूट तर भाड्यानी घ्या, नाहीतर बंदगळा चालतो का ते कॅप्टनसाहेबांना विचारून घ्या. कारण काये, गेस्ट चुकला तर गेस्टला कोणी काही बोलत नाही, सगळे हसून बोलतात, अन् दुसऱ्या दिवशी ऐकावं लागतं ज्यानी बोलावलं त्याला.

तू गाऊन नको घेऊ. साडी नेस, आर्मीत साडीचा मान अजूनही मोठा आहे. सिल्क असू दे, पण नवरीसारखी जड नको आणि दागिने पण बेतानी. बॉल लॉनवर असला तर पेन्सिल हील मातीत रुतते, ब्लॉक हील घाल. आणि शाल! डिसेंबरात कामठीची रात्र अशी गारठते की फोटोत सगळ्या बायका छान अन् प्रत्यक्षात दात वाजून राहिलेले.

आत गेल्यावर आधी कमांडिंग ऑफिसर आणि त्यांच्या मिसेसना भेटायचं, ओळख तुझा कॅप्टन करून देईल, तू ‘गुड इव्हिनिंग सर, गुड इव्हिनिंग मॅम’ म्हण, झालं. तिथं काकू-वहिनी नको म्हणू, सगळ्या मॅम. फोन पर्समध्ये, सायलेंटवर. मेसमधल्या चांदीच्या ट्रॉफ्या पाहायच्या, उचलायच्या नाहीत, आणि फोटो काढायचे तर आधी विचारायचं. दारू घेत नसशील तर ज्यूस माग, कोणी जबरदस्ती करत नाही. टोस्ट, म्हणजे कोणाच्या मानानी ग्लास उंचावणं, झालाच तर उभं राहून पाण्याचा ग्लास उचललास तरी चालेल.

जेवण बहुतेक बुफे असेल, बायकांना आधी बोलावतात, तेव्हा ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ करत बसू नको, मागे अख्खी रांग थांबते. बसून जेवण असलं तर काटे-चमचे बाहेरून आत वापरत यायचं आणि चीफ गेस्टनी सुरू केल्याशिवाय हात लावायचा नाही. शेवटही त्याच्याचबरोबर! माझ्या पहिल्या डिनरला मी शेजारच्या मॅमशी गप्पांत रंगली, तिकडे पाहुण्यांनी काटा ठेवला आणि माझी अर्ध्या चिकनची प्लेट वेटर घेऊन गेला. घरी येऊन पोहे केले रात्री बाराला.

डान्सचं म्हणशील तर फ्लोअर सीनियर जोडपं उघडतं, मग बाकीचे. कोण्या सीनियरनी ‘मे आय’ विचारलं तर हसून जा, दोन पावलं इकडे दोन तिकडे, तेवढंच असतं. अकरानंतर पंजाबी गाणी लागतात, तेव्हा तुझा वरातीतला डान्सच कामी येणार.

प्रश्न : जावयाच्या मेसमध्ये जेवलो तर वेटरला टिप द्यायची का? आणि बिल?
– एक सासूबाई, महाल

उत्तर : दोन्ही नाही. गेस्टचा खर्च जावयाच्या मेस बिलात जातो, तिथं पाकीट काढलं की त्यालाच ओशाळं होतं. वेटरला ‘थँक यू’ म्हणा, आणि जावयाच्या घरी जाताना संत्रा बर्फी न्या की एक डबा.