वाचक विचारतात : टॅक्स फ्री गाडी परदेशी न्यायची, पण टॅक्स नक्की कुणाचा वाचतो?

या महिन्यात पत्रं आली ती जवळजवळ सगळी एकाच विषयाची. नवी कोरी गाडी टॅक्स न भरता घ्यायची आणि देशाबाहेर न्यायची, हे जमतं का? जमतं. कायद्यानं जमतं, त्यात लपवाछपवी काही नाही. पण मी बावीस वर्षं न्हावाशेव्याला क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवायच्या कामात काढली, आणि या दोन शब्दांपायी, टॅक्स फ्री या दोन शब्दांपायी, माणसं कशी अडकतात ते डोळ्यानं बघितलंय, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न : नमस्कार काका. मी आणि बायको सहा वर्षं इंग्लंडमध्ये आहोत, आता कायमचं पुण्याला परत येतोय. ओळखीतल्या एकाने सांगितलं की देश सोडून जाणाऱ्याला इथं नवी गाडी व्हॅट न लावता मिळते, फक्त फॉर्म भरायचा. म्हणजे २० टक्के वाचले ना. स्टिअरिंग पण उजवीकडंच आहे. ३० हजार पौंडाची एसयूव्ही घेऊन कंटेनरमध्ये टाकावी असं डोक्यात आहे, आईबाबांना चढाउतरायला उंच गाडी बरी पडते. करू का? — एक वाचक, लेस्टर

नका करू. आधी उत्तर सांगितलं, आता कारण सांगतो.

तुमच्या ओळखीतल्याने सांगितलं ते खरं आहे. ब्रिटनमध्ये पर्सनल एक्स्पोर्ट स्कीम आहे. जो बाहेरून तात्पुरता आलाय, किंवा तिथंच राहतो पण किमान सहा महिन्यांसाठी देश सोडून चाललाय, अशा माणसाला गाडी व्हॅट, म्हणजे आपल्या जीएसटीसारखा विक्रीवरचा टॅक्स, न लावता विकता येते. त्यासाठी व्हॅट ४१० नावाचा फॉर्म भरतात. डीलरने ही स्कीम द्यायलाच पाहिजे असं बंधन नाही, बरेच जण कागदांच्या भानगडीत पडत नाहीत, म्हणून हे पहिल्याच फोनवर विचारायचं. गाडीला नेहमीच्या लॉगबुकऐवजी (ते आपल्या आरसी बुकासारखं असतं) गुलाबी रंगाचं रजिस्ट्रेशनचं कागद मिळतं, आणि ठरलेल्या तारखेच्या आत गाडी देशाबाहेर गेलीच पाहिजे. तोवर तिथं चालवता येते.

आता घोळ इथं आहे. ते गुलाबी कागद म्हणजे गाडीची ब्रिटनमध्ये नोंदणी झाली. आणि आपल्या आयातीच्या नियमांत नवी गाडी कशाला म्हणायचं ते स्पष्ट लिहिलंय : जी भारतात यायच्या आधी विकलेली नाही, भाड्याने किंवा वापरायला दिलेली नाही, आणि कुठल्याही देशात रजिस्टर झालेली नाही ती. म्हणजे तुमच्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नसलं, मीटरवर ४० किलोमीटर असले, तरी मुंबईच्या कस्टमच्या लेखी ती वापरलेली गाडी. मग तिला वापरलेल्या गाडीचे नियम लागतात. बनवल्यापासून ३ वर्षांच्या आतली पाहिजे, उजवीकडं स्टिअरिंग, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये (ब्रिटनचा मैलात असतो, हे लोक विसरतातच), हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या रस्त्याला धरून, आणि उतरवायची ती फक्त मुंबई बंदरात. कायमचं परत येणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे खरी, पण त्यात किमान दोन वर्षं सलग परदेशात राहिलेलं असावं लागतं, आणि गाडी तिकडं किमान एक वर्ष तुमच्या ताब्यात असावी लागते. तुमची सहा वर्षं झाली, ती अट सुटली. पण आज घेतलेली गाडी एक वर्ष ताब्यात कशी दाखवणार?

आणि पैशाचं बघा. बऱ्याच जणांना वाटतं ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये, म्हणजे कायमचं परत येणाऱ्याला कस्टम जी सवलत देतं त्यात, गाडीपण सवलतीत येते. नाही येत. तिथं घरसामानाला सवलत आहे, फ्रिज, वॉशिंग मशीन वगैरे, गाडीला पूर्ण ड्युटी. वापरलेल्या गाडीवर ती सव्वाशे टक्क्यांच्या पुढं जाते. ३० हजार पौंडाची गाडी धरा, जहाजाचं भाडं आणि विमा खरं तर किमतीत मिळवतात पण तूर्त सोडून द्या. नुसती ड्युटीच ३७,५०० पौंडांच्या वर. मग किंमत अधिक ड्युटी या सगळ्यावर जीएसटी, मोठ्या गाडीला सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, म्हणजे आणखी २७ हजार. तिकडं वाचवले ६ हजार, इकडं भरायचे ६४ हजारांच्या वर. वर्षभर वापरून आणली तर घसारा मिळतो, पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के असा, पण त्यानं मूळ हिशोब काही पालटत नाही.

मी एक गृहस्थ बघितलेत, नाव गाव सांगत नाही. त्यांची गाडी जासईजवळच्या एका यार्डात अडकली होती, कागदात कमी होतं आणि ड्युटीचा आकडा ऐकून घरातून पैसे उभे राहत नव्हते. ग्राउंड रेंट, म्हणजे यार्डातल्या जागेचं भाडं, रोजचा चालू. ते दर शनिवारी बोरिवलीहून यायचे, गेटपास करून आत जायचे, आणि खिशातला रुमाल काढून पुढची काच पुसायचे. पावसाळ्याचे दिवस, कंटेनरच्या ट्रेलरचा चिखल उडून गाडी राखाडी झालेली, त्यातली तेवढी एक काच स्वच्छ. मला म्हणायचे, साहेब आत बसून बघू का एकदा. किल्ली आमच्या ऑफिसात असायची, मी द्यायचो. तेव्हापासून कुणी मला अगोदर विचारलं की मी स्पष्टच सांगतो, गाडी तिकडं विका, इथं आल्यावर आईबाबांना सोबत नेऊन शोरूममध्ये बसवून बघा आणि त्यांना चढायला सोपी पडेल ती घ्या. सर्व्हिसिंग, पार्ट, विमा सगळं घराजवळ मिळेल.

प्रश्न : सर, मी स्टुटगार्टला नोकरीला आहे, पुढच्या तिमाहीत दुबईच्या ऑफिसला बदली होतेय. इथला डीलर म्हणतो की गाडी एक्स्पोर्टसाठी देतो, पण आत्ता १९ टक्के व्हॅट भरा, नंतर परत देईन. हे बरोबर आहे की मला फसवतोय? टॅक्स फ्री म्हणायचं आणि पैसे पण घ्यायचे? — एक वाचक, स्टुटगार्ट

फसवत नाहीये, तिकडची पद्धतच तशी आहे. गाडी युरोपियन युनियनच्या बाहेर गेल्याचा पुरावा मिळाला नाही तर तो व्हॅट डीलरच्या खिशातून जातो, म्हणून तो डिपॉझिट म्हणून धरून ठेवतो. कस्टममध्ये एक्स्पोर्टची नोंद करायची, शेवटच्या बंदरावर किंवा नाक्यावर गाडी खरंच बाहेर पडल्याची कस्टमची नोंद होते, ते कागद डीलरला पोचलं की पैसे परत. किती दिवसांत परत आणि कुठल्या खात्यात, हे करारात लिहून घ्या, तोंडी ठेवू नका.

तुमच्यासाठी खरा प्रश्न दुसराच आहे आणि तो तुम्ही विचारला नाहीत. गाडी तुम्ही स्वतः ताब्यात घेऊन बाहेर नेणार असाल तर खरेदीच्या वेळी तुमचा राहता पत्ता जर्मनीच्या बाहेरचा असावा लागतो. तुम्ही अजून स्टुटगार्टचे रहिवासी आहात, तेव्हा तुम्ही स्वतः चालवत नेली तर ती सूट बसत नाही. डीलरनेच स्वतःच्या नावाने शिपिंग बुक करून गाडी दुबईला पाठवली तर मात्र बसते, मग तुम्ही कुठंही राहत असा. म्हणून डीलरला एवढंच विचारा, पाठवणार कोण? तो म्हणाला तुम्हीच न्या, तर बदली होऊन तिकडचा पत्ता झाल्यावर व्यवहार करा.

जर्मनीच्या एक्स्पोर्ट नंबरप्लेटवर उजव्या बाजूला लाल पट्टी असते, त्यावर दिवस महिना वर्ष छापलेलं असतं. ती विम्याची शेवटची तारीख. ती उलटली की गाडी रस्त्यावर आणायची नाही, जहाज लेट झालं तर ही तारीख आधी बघा. दुबईला उतरल्यावर तिकडची ड्युटी आणि व्हॅट वेगळे, आणि गाडी आखाती देशांच्या स्पेसिफिकेशनमध्ये बसते का ते पैसे देण्याआधी तिकडच्या नोंदणी ऑफिसला लेखी विचारा, उन्हाळ्यातला एसी आणि कूलिंग हा तिकडं चैनीचा विषय नाही.

प्रश्न : मुलगा नेदरलँडमध्ये आहे. तो म्हणतो बाबा जर्मनीत गाडी एक्स्पोर्ट म्हणून टॅक्स न भरता घेतो आणि नेदरलँडला आणतो. मला काळजी वाटते. — एक वाचक, सांगली

तुमची काळजी योग्य आहे. गाडी युरोपियन युनियनच्या एका देशातून दुसऱ्या देशात नेली तर ते एक्स्पोर्ट धरत नाहीत. पहिल्यांदा रस्त्यावर आल्याला ६ महिने व्हायचे असतील किंवा गाडी ६,००० किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसेल, यातलं एक जरी असलं तरी ती नवी, आणि नव्या गाडीचा व्हॅट जिथं नोंदवायची त्या देशात भरायचा. म्हणजे जर्मनीत १९ टक्के भरले नाहीत तर नेदरलँडमध्ये २१ टक्के भरायचे, वर तिकडचा गाडीचा रजिस्ट्रेशन टॅक्स वेगळा. किंमत कमी असेल, मॉडेल हवं ते मिळत असेल तर खुशाल जर्मनीत घ्यावी, टॅक्ससाठी म्हणून नको.

प्रश्न : आम्ही लंडनहून मेलबर्नला शिफ्ट होतोय. दोन्हीकडं गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळं व्हॅट फ्री नवी गाडी घेऊन जायला काय हरकत आहे? — एक वाचक, हॅरो

हरकत तारखांची आहे. ऑस्ट्रेलियात स्वतःची गाडी न्यायची तर परदेशात ती किमान १२ महिने तुमच्या मालकीची असावी लागते, आणि आयातीची परवानगी गाडी जहाजावर चढायच्या आधी हातात पाहिजे. इकडं व्हॅट फ्री गाडी मुदतीच्या आत ब्रिटनबाहेर गेली पाहिजे. एक देश म्हणतो लवकर काढा, दुसरा म्हणतो वर्षभर ठेवून मग आणा. यात दोन्ही बाजू सांभाळणं फार अवघड आहे. सध्याची व्हॅट भरलेली गाडी वर्षाच्या वर तुमच्याकडं असेल तर तिचाच विचार करा, आणि नेणार असाल तर चाकांच्या वरची कमान, बॉनेटच्या खालची जाळी, मॅटखालची माती, सगळं ब्रशने घासून काढा. तिकडं बंदरावर मातीचं ढेकूळ, वाळलेलं पान, बी काहीही सापडलं तर परत साफसफाई तुमच्या खर्चाने. टॉर्च घेऊन गाडीखाली आडवं झोपून बघायचं, तेव्हाच दिसतं.

प्रश्न : काका, मी व्हॅट फ्री गाडी घेतली, पण बाहेरची नोकरी रद्द झाली. आता मी ब्रिटनमध्येच राहणार. गाडी भावाला वापरायला देऊन ठेवली आहे. कुणाला कळवलं नाही तर चालेल का? — नाव नको

नाही चालणार. तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं कारण तुम्ही मुद्दाम काही केलेलं नाही, नोकरी गेली यात तुमचा काय दोष. पण उशीर करत राहिलात तर तो मात्र तुमचा दोष होईल. आजच भावाकडून गाडी परत आणा, या स्कीमची गाडी दुसऱ्याच्या हवाली करायची नसते, विकायची तर नाहीच. मग टॅक्स खात्याला लिहून कळवा की जाणं रद्द झालं, आणि व्हॅट किती भरायचा ते त्यांनाच विचारा. एकरकमी झेपत नसेल तर तेही त्याच पत्रात लिहा. मुदत उलटल्यावर त्यांनी तुम्हाला शोधलं तर गाडी जप्त करायचा अधिकार त्यांना आहे. डीलरकडची बिलाची प्रत आणि व्हॅट ४१० ची तुमच्याकडची प्रत एका फाइलला लावून ठेवा, दोन्ही लागतील.

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर झालो. मुलगी पॅरिसला आहे, तीन महिने राहणार आणि युरोप फिरणार. परदेशी माणसाला तिथं टॅक्स फ्री नवी गाडी विकत मिळते आणि जाताना परत देता येते असं ऐकलं. खरं का? — एक वाचक, नाशिक

खरं आहे, आणि आजच्या सगळ्या पत्रांत टॅक्स फ्री हा शब्द सरळसरळ लागू पडतो तो तुम्हालाच. फ्रान्समध्ये युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्यांसाठी ही योजना आहे, लाल नंबरप्लेटची नवी गाडी काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत मिळते, कागदावर खरेदी आणि परतखरेदी असते पण तुमच्या दृष्टीनं लांब मुदतीचं भाडंच. विमा त्यातच असतो. तीन महिन्यांसाठी साध्या भाड्याच्या गाडीशी किंमत ताडून बघा. गाडी कारखान्यातून तुमच्या नावावर नोंदवून येते, म्हणून निघायच्या बरंच आधी बुक करावी लागते. नाशिकच्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या, एक वर्ष चालतं. स्टिअरिंग डावीकडं असणार, तेव्हा गाडी ताब्यात घेतल्यावर पहिला दिवस शहरात काढू नका, मुलीला शेजारी बसवा आणि रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर तासभर चालवून बघा, विशेषतः चौकातलं गोल वळण, कारण तिथं आपला हात सवयीनं डावीकडं वळतो.