पोलिसांचा बॉस आत गेला, तरी लोक खूश का नव्हते?

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही ओझरतं लिहिलं होतं की इंटरपोलचा एक माजी अध्यक्ष लाचेच्या केसमध्ये जेलात गेला. खरंच का? आपल्याकडे हवालदार पाचशे रुपये घेताना सापडतो आणि साहेब सुटतात, तिथं तर लोकांनी फटाके फोडले असतील! (एक वाचक, नाशिक)

उत्तर : फटाके वगैरे काही नाही भाऊ. माणूस होता जॅकी सेलेबी, दक्षिण आफ्रिकेचा पोलीस कमिशनर, म्हणजे एखाद्या शहराचा नाही, अख्ख्या देशाच्या पोलिसांचा मुख्य. मुळात पोलीस खात्यातला नव्हताच, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा, म्हणजे मंडेलांच्या पक्षाचा जुना कार्यकर्ता, नंतर डिप्लोमॅट. १९९७ ला भूसुरुंगबंदी करारासाठी ऑस्लोला जी परिषद भरली ती त्यानेच चालवली, आणि चांगली चालवली. २००० मध्ये पोलीस त्याच्या हातात आले, २००४ ला इंटरपोलचा अध्यक्ष झाला. देशात खून-दरोड्यांनी लोक हैराण आणि हा साहेब म्हणे, गुन्हेगारीचा एवढा बाऊ कशाला! हे लोक कधीच विसरले नाहीत.

मग ग्लेन ॲग्लिओटी नावाच्या ड्रग्जवाल्याशी दोस्ती बाहेर आली. रोख पैसे, महागडे कपडे, आणि बदल्यात पोलिसांकडच्या गुप्त कागदांची माहिती. आरोप सुमारे १२ लाख रँडचा (तिथलं चलन) होता. दोस्ती लपवायच्या भानगडीत साहेब पडलेच नाहीत, माझा मित्र आहे, विषय संपला, असं जाहीर सांगून मोकळे. जुलै २०१० मध्ये जोहान्सबर्गला न्यायमूर्ती मायर जॉफ यांनी भ्रष्टाचारात दोषी धरलं (न्यायाच्या कामात अडथळा आणल्याच्या आरोपातून सुटला) आणि ऑगस्टमध्ये १५ वर्षं ठोठावली.

लोकांना बरं वाटलंच, इतका वरचा माणूस आत जाऊ शकतो हे पाहून कोणाला वाटणार नाही, पण मिठाचा खडा होता तो असा की ज्याच्याकडून पैसे घेतले तो ॲग्लिओटी माफीचा साक्षीदार. ड्रग्जच्या केसमध्ये त्याने गुन्हा कबूल केला, तिथली जेलची शिक्षा स्थगित. खाणसम्राट ब्रेट केबलच्या २००५ च्या खुनाची केस त्याच्यावर होती, त्यातूनही २०१० च्या शेवटी निर्दोष! आणि केबलवर ज्यांनी प्रत्यक्ष गोळ्या झाडल्या त्यांनाही साक्षीच्या बदल्यात माफी. म्हणजे एक साहेब पकडायला अख्खी गँग सोडली, असं लोक बोलायला लागले. मला विचाराल तर सौदा वाईट होता तरी करावा लागला, कारण लाच देणारा तोंड उघडल्याशिवाय रोख पैशाची केस कोर्टात उभी राहणं महाकठीण, आपल्या अँटी करप्शनवाल्यांना म्हणून तर ट्रॅप लावावा लागतो.

प्रश्न : सरकारने त्याला वाचवायचा प्रयत्न केला नाही का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : केला, आणि मला सगळ्यात जास्त राग याच भागाचा येतो. सप्टेंबर २००७ मध्ये सरकारी वकिलांच्या खात्याचे प्रमुख वुसी पिकोली यांनी सेलेबीविरुद्ध वॉरंट मिळवलं, तर राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकींनी सस्पेंड कुणाला केलं? पिकोलींना! चौकशी समितीने ते पदाला लायक आहेत असं सांगितलं तरी २००८ च्या शेवटी म्बेकींनंतरचे राष्ट्राध्यक्ष मोटलांथे यांनी घरी पाठवलंच. सेलेबी मात्र जानेवारी २००८ पर्यंत खुर्चीत, नंतर रजा, इंटरपोलचा राजीनामा.

ज्या 'स्कॉर्पिअन्स' पथकाने तपास केला ते पोलिसांच्या बाहेरचं होतं म्हणूनच पोलिसांच्या मुख्याला हात लावू शकलं. सत्ताधारी पक्षाने तेच मोडलं आणि जागी 'हॉक्स' आणलं, ते पोलीस खात्याच्याच आत. २०११ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने म्हटलं की हॉक्सला पुरेसं स्वातंत्र्य नाही. तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यामुळे निकाल लागला तरी लोकांना वाटायचं की असा निकाल पुन्हा लागणार नाही, आणि यात मला तरी काही चूक दिसत नाही.

प्रश्न : १५ वर्षं खरंच काढली का? आमच्याकडे शिक्षा झाली की नेत्याच्या छातीत दुखतं! (एक वाचक ताई, कोल्हापूर)

उत्तर : ताई, एक वर्षही नाही! डिसेंबर २०११ मध्ये अपील फेटाळल्याची बातमी टीव्हीवर बघताना तो घरातच कोसळला, आणि लोकांनी नेमकं तुम्ही म्हणताय तेच म्हटलं. कारण आधीचा अनुभव तसा होता. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेकब झुमांचा जुना आर्थिक सल्लागार शाबिर शेख, त्यालाही भ्रष्टाचारात १५ वर्षं, २००९ मध्ये मरणाच्या दारात आहे म्हणून मेडिकल परोलवर सोडला आणि मग गोल्फ कोर्सवर दिसल्याच्या बातम्या! त्यामुळे जुलै २०१२ मध्ये सेलेबीलाही मेडिकल परोल मिळाला तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. पण याचं दुखणं खरं होतं, किडन्या गेलेल्या, डायलिसिस चालू. जानेवारी २०१५ मध्ये वारला. त्याला नाटकी म्हणणारे चुकले हे खरं, पण त्यांना तसं म्हणायची सवय शेखने लावली होती.

प्रश्न : त्याच्या जागी कोण आलं, तो तरी धड निघाला का? (तेच लातूरचे वाचक)

उत्तर : भेकी सेले, २००९ मध्ये. पोलीस ऑफिसच्या इमारती भाड्याने घेण्याच्या भानगडीत २०१२ ला झुमांनीच काढलं. कोर्टात शिक्षा वगैरे झाली नाही, आणि २०१८ मध्ये तेच सेले पोलीसमंत्री झाले.