मिशिगनमधलं औषधी गांजाचं दुकान: आधी व्हिसा, मग विमा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला तुमचं मेडिकल आहे, बहिणीने भरलेल्या अर्जावर ग्रीन कार्डाची मुंबईतली मुलाखत जवळ आली आहे, डेट्रॉइटजवळ दाजींचं औषधी गांजाचं दुकान आहे आणि त्यात २५ टक्के भागीदार व्हायचं आहे. दुकानाला कोणता विमा लागतो, किती रकमेचा, आणि आपल्याकडच्या दुकानदार पॉलिसीचा अनुभव तिथे चालेल का?

विम्याचं सविस्तर सांगतो. पण आधी व्हिसाचं सांगणं भाग आहे, कारण विम्याच्या अर्जावर मालक म्हणून सही करणं म्हणजे ‘मी या धंद्यात आहे’ असं स्वतःच्या हाताने लिहून देणं.

मिशिगनमध्ये औषधी गांजा २००८ पासून आणि सरसकट प्रौढांसाठी २०१८ पासून कायदेशीर आहे, तो राज्याच्या कायद्याने. व्हिसा देणारं सरकार केंद्राचं, आणि केंद्राच्या १९७० च्या कायद्यात गांजा हा नियंत्रित पदार्थ आहे. इमिग्रेशनच्या कायद्यात अशा पदार्थाच्या व्यापारात सहभाग असल्याचं ‘मानायला सबळ कारण’ असणं एवढंच व्हिसा नाकारायला पुरतं. त्यासाठी शिक्षा झालेली असावी लागत नाही. शिवाय त्या व्यापाराचा लाभ मागच्या पाच वर्षांत जाणूनबुजून घेतलेली बायको-मुलंही त्याच कलमात अडकतात. ग्रीन कार्ड मिळाल्यावर सुटलो असंही नाही. नागरिकत्वाच्या अर्जात सचोटीचं वर्तन पाहतात, आणि राज्याच्या परवान्याने चालणाऱ्या गांजाच्या धंद्यातली नोकरीसुद्धा त्याआड येऊ शकते, हे इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी स्पष्ट केलं आहे. मे २०२४ मध्ये न्याय खात्याने गांजा नियंत्रित पदार्थांच्या पाच वर्गांपैकी पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक, वर्गातून तिसऱ्या वर्गात नेण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हापासून ‘आता सगळं मोकळं झालं’ असं सांगणारे बरेच भेटतील. इमिग्रेशनच्या कलमाला पाचही वर्गांतले पदार्थ सारखेच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नागरिकत्व मिळेपर्यंत भागीदारी नको, पगार नको, आणि ‘जरा गल्ल्यावर बसतो’ हेही नको. विम्याच्या कागदावर मालक, व्यवस्थापक किंवा अधिकृत चालक म्हणून नाव जाऊ देऊ नका. मुलाखतीआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा पैसे मोजा. दाजींचा धंद्याचा वकील याला चालत नाही. पैसे इथून पाठवायचा विचार असेल तर एलआरएसची (परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची) मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे हे तुम्हाला माहीत असेलच, पण परदेशी गुंतवणुकीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे तो धंदा भारतात आणि तिथे, दोन्हीकडे कायद्याने चालणारा असावा लागतो. बँकेला खोटं कारण लिहून देणं हा वेगळा गुन्हा.

आता विमा. तो दाजींनी आणि त्यांच्या ब्रोकरने घ्यायचा आहे. तुम्हाला तो कळावा म्हणून लिहितो.

एक गैरसमज आधीच काढून टाका. रुग्णाचा आरोग्य विमा गांजाचे पैसे देत नाही, ज्येष्ठांची सरकारी मेडिकेअर योजनाही देत नाही. तुमच्या मेडिकलसारखा कॅशलेस प्रकार तिथे नाही. त्यातून क्रेडिट-डेबिट कार्डाच्या मोठ्या कंपन्या या धंद्याला सेवा देत नाहीत, त्यामुळे दुकानात रोकड साठते आणि अर्धा विमा त्या रोकडीभोवती फिरतो.

राज्याच्या कायद्याची किमान अट अगदी लहान आहे: भेसळयुक्त मालामुळे कायदेशीर ग्राहकाला शारीरिक इजा झाली तर प्रत्येक परवान्यामागे किमान १,००,००० डॉलरची भरपाईची हमी. ही अट पुरी केली की काम झालं असं अनेक नव्या मालकांना वाटतं. प्रत्यक्षात जागेचा मालक भाडेकरारात प्रत्येक घटनेला १० लाख आणि वर्षाला एकूण २० लाख डॉलरची दायित्व पॉलिसी (दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची भरपाई देणारी) मागतो, वर स्वतःचं नाव ‘अतिरिक्त विमाधारक’ म्हणून घालायला लावतो. दुसऱ्या राज्याशी ताडून पाहायचं तर मॅसॅच्युसेट्सच्या नियमांतच हा १० आणि २० लाखांचा आकडा आहे, आणि डिडक्टिबल (क्लेममधला स्वतः सोसायचा भाग) ५,००० डॉलरच्या वर जाऊ देत नाहीत. आणखी एक: मिशिगनमध्ये ही कायद्याने लागणारी पॉलिसी मधेच रद्द करायची तर नवी घेतलेली असावी लागते आणि नियामकाला ३० दिवस आधी लेखी कळवावं लागतं. ब्रोकर बदलताना हे विसरलं की थेट परवान्यावर येतं.

पॉलिसी कुठून घ्यायची? साधी दुकानाची पॉलिसी घेऊन ‘किरकोळ विक्री’ असं लिहून मोकळं होणं हा सगळ्यात महाग पडणारा शहाणपणा. बहुतेक साध्या मालमत्ता पॉलिसींत बेकायदा माल आणि बेकायदा व्यापारातली मालमत्ता वगळलेली असते, आणि आता बऱ्याच पॉलिसींना गांजा वगळणारी स्वतंत्र एंडोर्समेंट, म्हणजे पुरवणी, जोडलेली असते. क्लेमच्या दिवशी कंपनी तीच दाखवते. न्यायालयांचं म्हणणंही एकसारखं नाही. हवाई राज्यात २०१२ मध्ये घराच्या विम्याखाली गांजाच्या रोपांची भरपाई मागणाऱ्या बाईंना केंद्राच्या धोरणाचं कारण देऊन नकार मिळाला. उलट कोलोराडोत २०१६ च्या निकालात, वणव्याच्या धुराने खराब झालेल्या मालाबाबत, न्यायालयाने विमा कंपनीला सुनावलं की गांजाचा धंदा आहे हे माहीत असून प्रीमियम घेतलात, आता केंद्राच्या कायद्याआड लपता येणार नाही. पण त्याच निकालात काढणी झालेल्या मालाची बाजू टिकली आणि वाढत असलेली रोपं ‘उभं पीक’ म्हणून वगळली गेली. यातून घ्यायचं ते एवढंच: धंदा काय आहे ते अर्जात पूर्ण आणि खरं लिहा, आणि कोणता माल धरला आहे ते शब्दाने लिहून घ्या.

या धंद्याला विमा देणाऱ्या बऱ्याच कंपन्या ‘सरप्लस लाइन्स’ बाजारातल्या असतात, म्हणजे राज्याने ज्यांचे दर आणि मसुदे मंजूर केलेले नसतात अशा. बेकायदा नाहीत, पण कंपनी बुडाली तर राज्याचा हमी निधी मदतीला येत नाही. मिशिगनमध्ये त्यावर अडीच टक्के कर आणि नियामक शुल्क पडतं. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने २०१५ मध्ये अमेरिकेतल्या गांजाच्या धंद्यातून अंग काढून घेतलं, तेव्हापासून हा बाजार लहान कंपन्यांवर चालतो. त्यामुळे कंपनीचं ए. एम. बेस्टचं (विमा कंपन्यांची आर्थिक ताकद जोखणाऱ्या संस्थेचं) मानांकन विचारल्याशिवाय सही नाही.

दायित्व पॉलिसीत मुख्य आकडा सगळे पाहतात. तुम्ही मागची पानं आधी उघडा. उत्पादनाचं दायित्व आत आहे की वेगळं? ते घटना घडल्याच्या तारखेवर चालतं की दावा दाखल झाल्याच्या? दुसऱ्या प्रकारात मागची ‘रेट्रो’ तारीख पाहावी लागते, म्हणजे जिच्याआधीच्या घटना धरत नाहीत ती. कंपनी बदलली आणि नवीने ती तारीख आजची टाकली, तर गेल्या वर्षी विकलेल्या मालाचा दावा उद्या आला की दोन्ही कंपन्या हात झटकतात. वकिलाचा खर्च मर्यादेच्या आत धरला असेल तर १० लाखांतले दोन-तीन लाख खटल्यातच जातात. व्हेपबद्दलचा (ई-सिगारेटसारखी वाफ ओढायच्या मालाबद्दलचा) अपवाद हमखास सापडतो. २०१९ मध्ये फुप्फुसांच्या आजाराची जी लाट आली त्यात फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. त्याचा मुख्य संबंध तेलात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी लागला. दुकानाची मोठी विक्री व्हेप काडतुसांची असेल आणि पॉलिसीत ती वगळलेली असतील, तर ती पॉलिसी त्या दुकानासाठी नाहीच.

तुमच्यासारख्या फार्मासिस्टसाठी एक खास इशारा. ‘गुडघेदुखीला हे घ्या, रक्तदाबाच्या गोळीबरोबर इतकंच घ्या’ हे तुमच्या तोंडून सहज निघेल. बऱ्याच दायित्व पॉलिसींत व्यावसायिक किंवा वैद्यकीय सल्ला वगळलेला असतो. काउंटरवर डोस सांगायचा असेल तर सल्ल्याच्या दायित्वाचा वेगळा विमा लागतो, नाहीतर लेबलवर छापलंय तेवढंच बोलायचं.

माल परत मागवण्याचा खर्च दायित्वात येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिशिगनच्या नियामकाने एका मोठ्या प्रयोगशाळेने तपासलेला माल परत मागवला, तेव्हा चारशेहून अधिक दुकानांना फळ्या रिकाम्या कराव्या लागल्या. दुकानदारांची चूक काहीच नव्हती. अशा वेळी कामी येतं ते ‘रिकॉल’चं वेगळं कलम, आणि तेही सरकारी आदेशाने झालेला रिकॉल धरत असेल तरच. पुरवठादारांकडून त्यांच्या पॉलिसीवर दुकानाचं नाव ‘विक्रेता’ म्हणून घालून घेणं हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि लोक तोच करत नाहीत.

आता चोरी. क्लेम सगळ्यात जास्त इथे फसतात. रात्री गाडी दारावर घालून माल पळवणं हा नेहमीचा प्रकार. पॉलिसीत ‘संरक्षक उपाययोजना’ नावाचं कलम असतं: बाहेरच्या नियंत्रण केंद्राला जोडलेला अलार्म, चालू कॅमेरे, बंद करताना सगळा माल तिजोरीत किंवा कुलूपबंद खोलीत. तिजोरीला टीएल-१५ असं मानांकन मागतात, म्हणजे हत्यारांनी प्रत्यक्ष १५ मिनिटं झुंजली तरी न उघडणारी. त्या रात्री अलार्मची बॅटरी उतरलेली असली, किंवा माल काचेच्या कपाटातच राहिला असला, तर पूर्ण क्लेम जातो. अलार्म दुरुस्तीला असेल तर त्याच दिवशी ब्रोकरला ईमेल करा. दाराबाहेर काँक्रीट भरलेले लोखंडी खांब बसवले तर दरातही फरक पडतो.

रोकड मालमत्ता पॉलिसीत मुळात धरलेलीच नसते. तिच्यासाठी ‘क्राइम’ पॉलिसी, आणि त्यातही दुकानातली रोकड, वाटेतली रोकड आणि नोकराने केलेली अफरातफर असे तीन वेगळे आकडे. दाजी शुक्रवार-शनिवारची विक्री सोमवारी भरत असतील, तर मर्यादा रविवार रात्रीच्या रकमेएवढी हवी, महिन्याच्या सरासरीएवढी नाही. नुसता स्टॉक जुळत नाही म्हणून आलेली तूट कोणीच भरून देत नाही. चोरी झाल्याचा स्वतंत्र पुरावा लागतो.

मालाची रक्कम ठरवताना आपल्याकडच्या अंडर-इन्शुरन्सचा अनुभव मात्र थेट कामी येतो. समजा दुकानात ४,००,००० डॉलरचा माल असतो आणि पॉलिसीत मालाच्या किमान ८० टक्के किमतीचा विमा हवा असं कलम आहे, म्हणजे विमा किमान ३,२०,००० चा हवा. घेतला २,००,००० चा. ८०,००० चं नुकसान झालं तर २,००,००० भागिले ३,२०,००० या प्रमाणात ५०,००० मान्य होतात, त्यातून ५,००० डिडक्टिबल गेलं की हातात ४५,०००. भरपाई खरेदी भावाने की विक्री भावाने, हे पॉलिसीत लिहून घ्या. न लिहिलेलं असलं की वाद ठरलेला.

बाकीचं पटकन. एका वेळी तीन नोकर असतील, किंवा एक जण आठवड्याला ३५ तास १३ आठवडे काम करत असेल, तर कामगार भरपाईचा विमा मिशिगनमध्ये सक्तीचा. घरपोच माल देणारा मुलगा स्वतःची गाडी वापरत असेल तर त्याचा वैयक्तिक विमा धंद्यासाठी चालत नाही; ‘भाड्याच्या आणि परक्या गाड्यांचं’ दायित्व घ्या, आणि गाडीतल्या मालाचं वेगळं. हिवाळ्यात पार्किंगमधल्या बर्फावर घसरून पडलेल्यांचे दावे येतात, म्हणून बर्फ काढणाऱ्या ठेकेदाराचं विमा प्रमाणपत्र फाइलला हवं. सरकारी जप्ती कोणतीही पॉलिसी धरत नाही. राज्यांच्या औषधी योजनांत लुडबुड करायला न्याय खात्याने पैसा खर्च करू नये, असं कलम डिसेंबर २०१४ पासून केंद्राच्या खर्चाच्या विधेयकात येत राहिलं आहे. ते फक्त औषधी बाजूला लागू, आणि त्याचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं.

प्रीमियम दर हजार डॉलर विक्रीवर ठरतो आणि वर्षअखेरीस हिशेब तपासतात. १२ लाखांची विक्री सांगून १८ लाखांची झाली तर दायित्वाचा प्रीमियम दीडपट होऊन उरलेलं बिल एकदम येतं. मधेच रद्द केली तरी किमान २५ टक्के परत न मिळणं हे सरप्लस लाइन्समध्ये सर्रास असतं. शिवाय केंद्राच्या करकायद्याचं कलम २८०-ई पहिल्या-दुसऱ्या वर्गातल्या पदार्थांच्या व्यापाराला लागू होतं, तेव्हा गांजा ज्या वर्षांत तिथे मोजला जातो त्या वर्षांत विम्याचा हप्ता खर्च म्हणून वजा होत नाही. फक्त मालाची खरेदी वजा होते. दाजींनी दाखवलेला नफा या कलमानंतरचा आहे का, एवढं नक्की विचारा.

चोरी किंवा आग झाली तर क्रम असा: पोलिसांत तक्रार, नियामकाला २४ तासांच्या आत कळवणं, ब्रोकरला लेखी सूचना, आणि त्याच दिवशी कॅमेऱ्याचं चित्रण वेगळ्या डिस्कवर काढणं. नियमाने ते ३० दिवसच ठेवायचं असतं, पुढे त्यावर नवं चढतं आणि ॲडजस्टर (नुकसान तपासायला येणारा कंपनीचा माणूस) बहुधा त्यानंतरच ते मागतो. मग मेट्रक या राज्याच्या नोंद-प्रणालीतून घटनेच्या आदल्या रात्रीचा साठा आणि पुरवठादारांची बिलं. भिजलेला किंवा धुराने गेलेला माल ॲडजस्टरने पाहिल्याशिवाय नष्ट करू नका, आणि नंतरही मेट्रकमध्ये नोंद केल्याशिवाय नाही. कंपनीने मागितल्यावर नुकसानीचं शपथपत्र बहुतेक पॉलिसींत ६० दिवसांत द्यावं लागतं.

दाजींकडून चौकशीपुरती चालू पॉलिसी मागवायचीच असेल तर एक पानी प्रमाणपत्र नको, सगळ्या एंडोर्समेंटसह पूर्ण प्रत मागवा, आणि सोबत कंपनीने दिलेला गेल्या पाच वर्षांच्या क्लेमचा तक्ता. पण तीही मुलाखत आटोपल्यावर, आणि वकिलाने हो म्हटलं तरच.