घर मुलाच्या नावावर करू का?

"घर मुलाच्या नावावर केलं की आमच्या म्हातारपणाची सोय झाली ना?" सत्तरी ओलांडलेली जोडपी पुन्हा पुन्हा हाच प्रश्न घेऊन येतात. म्हणून हे एक उदाहरण, ओळख पुसून.

काका 76 वर्षांचे, निवृत्त शिक्षक. काकूंना स्मृतिभ्रंशाची सुरुवात. काका बक्षीसपत्राचा मसुदा घेऊनच आले होते. "मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. आत्ताच उरकून टाकतो." (राहतं घर मुलाला देताना हे खरं आहे; वर स्थानिक अधिभार लागतो.)

"सांभाळ करायची अट लिहिलीय?"

"पोटच्या पोराला अट घालायची?"

घालायची. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 अटीवरच उभं आहे. मुलाने सांभाळलं नाही तर न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द करू शकतं, पण अट कागदावर नसेल तर वाद लांबतो. त्यापेक्षा मृत्युपत्र बरं. मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, मन बदललं तर नवं करता येतं.

काका मान डोलावत होते, पटलेलं मात्र नव्हतं. घराचं विचारायला येणाऱ्याला बहुधा घराबद्दल काही विचारायचंच नसतं, हे माझं जुनं मत. इतका वेळ काकूंबद्दल "हिला", "हिचं" असंच चाललं होतं. मी त्यांनाच विचारलं, "काकू, तुमचं कोणी करावं असं वाटतं?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "मुलगा नको. संडासला न्यायला बाई हवी. लाज वाटते हो."

काका त्यांच्याकडे वळले. "मग पैसे लागतील," म्हणाले, आणि मसुदा पिशवीत गेला. मला हवा होता तो प्रश्न आत्ता कुठे टेबलावर आला: दर महिन्याला किती?

सांभाळायला बाई पुरवणाऱ्या ब्युरोने बारा तासांच्या बाईचे महिना 24,000 सांगितले होते. पेन्शनमधून घरखर्च जाऊन 12,000 उरत. काकांचे 18 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 36,900 देणार, म्हणजे महिना 12,300. जेमतेम जमलं. मेडिक्लेम किंवा सत्तरीनंतरचं पाच लाखांचं वय वंदना कार्ड (सरकारी आरोग्य विमा) यात धरू नका. ते दवाखान्यात भरती झाल्यावरचं, घरच्या बाईचा पगार त्यातून निघत नाही. उद्या रात्रीचीही बाई लागली तर रिव्हर्स मॉर्गेज (घर गहाण ठेवून बँकेकडून ठरावीक रक्कम घेत राहणं) किंवा विक्री, आणि त्यासाठी घर स्वतःच्याच नावावर हवं.

घाई करायची होती ती वेगळ्याच कागदाची. आठ लाखांची एक एफडी एकट्या काकूंच्या नावावर होती. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे काकूंच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद, करून ठेवू, असं काकांच्या मनात. पण देणाऱ्याची समजच गेली की ते संपतं. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून समज शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला घेऊन एफडी दोघांच्या नावावर केली, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' अशी. मुदतीआधी मोडायला बँक दोघांच्याही सह्या मागते, त्यामुळे एकाच्या सहीची मुभा तेव्हाच लिहून घ्यावी. काकूंचं मृत्युपत्रही त्याच दाखल्यावर उरकलं.

समज आहे पण हात चालत नाही, अशांना बँकेने परत पाठवायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.