यरीहोच्या भिंतीआडची बाळे

प्रश्न : ताई, मी बारा वर्षे आमच्या मंडळीत संडेस्कूल घेते. गेल्या महिन्यात यरीहोची गोष्ट (इस्राएली लोकांनी फेऱ्या मारल्यावर नगराची भिंत कोसळते ती) सांगताना मुलांकडून पुठ्ठ्याची भिंत करून घेतली, तिच्याभोवती फेऱ्या मारल्या, भिंत पाडली. सगळे टाळ्या वाजवत असताना नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारले, "आतल्या बाळांचे काय झाले?" त्या दिवसापासून घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत "प्रेमळ पित्या" हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. पती म्हणतात, वचनावर शंका घेणे हेच पाप. मी काय करावे?

प्रिय भगिनी, सलाम.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच ते छळते आहे. बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नगरातले स्त्रीपुरुष, तरुण, म्हातारे, बैल, मेंढरे आणि गाढवे यांना तलवारीने मारल्याचे लिहिले आहे. आणि पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात इस्राएलाचा राजा शौल याला अमालेकी या शत्रू जमातीविषयी देवाकडून जी आज्ञा मिळते, तिच्यात तर तान्ह्या बाळांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपण संडेस्कूलमध्ये भिंत पडली की गोष्ट थांबवतो. मीही पुष्कळ वर्षे तिथेच थांबवली.

कनानी लोक, म्हणजे यरीहो आणि त्या देशातले मूळ रहिवासी, फार दुष्ट होते, हे उत्तर तुम्हाला मंडळीत मिळेल. पाळण्यातल्या मुलाच्या दुष्टपणाविषयी मात्र ते गप्प राहते. ती बाळे मोठी होऊन बिघडलीच असती, असे कोणी म्हणू लागले तर मी ते ऐकूनही घेणार नाही. युद्धवर्णनाच्या भाषेचा मुद्दा याहून वजनदार आहे. इस्राएलाच्या शेजारच्या मवाबाचा राजा मेशा याचा इ.स.पू. नवव्या शतकातला शिलालेख १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधील धिबान येथे सापडला. त्यात तो अभिमानाने सांगतो की नबो नगरातली ७,००० माणसे आपण दैवताला वाहून ठार केली आणि इस्राएल कायमचा नाहीसा झाला. इस्राएल काही नाहीसा झाला नव्हता. आपल्या शास्त्रातही शौलाने समूळ मारलेले अमालेकी त्याच पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात सिकलाग नगर जाळायला पुन्हा हजर असतात. त्या काळी विजय असाच फुगवून लिहीत, हे खरे; तरीही माझे पूर्ण समाधान होत नाही, कारण प्रत्यक्षात माणसे कमी मेली असली तरी देवाच्या नावाने त्या संहाराची फुशारकी मिरवली गेली, ही खंत उरतेच.

मला आधार सापडला तो होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात. अलीशा संदेष्ट्याने पाठवलेल्या शिष्याने राजा म्हणून अभिषेक करून आज्ञा दिल्यावर येहूने इस्राएलाचा आधीचा राजा अहाब याच्या घराण्याची कत्तल केली, आणि दुसऱ्या राजांच्या दहाव्या अध्यायात त्याबद्दल त्याची वाखाणणीही झाली. परंतु होशेयाच्या पहिल्याच अध्यायात परमेश्वर म्हणतो की इज्रेलात (त्या कत्तलीच्या ठिकाणी) सांडलेल्या रक्ताबद्दल मी येहूच्या घराण्याला शासन करीन. ज्यांनी हे ग्रंथ जपले, त्यांनी यांतले एकही वचन खोडले नाही. विद्वान ही विसंगती निरनिराळ्या रीतींनी सोडवतात. मला तिच्यात एवढे दिसते की देवाच्या नावाने झालेल्या हिंसेवरचा आक्षेप कोणा नास्तिकाने बाहेरून आणून चिकटवलेला नाही, तो शास्त्राच्या आतच, संदेष्ट्याच्या तोंडून आलेला आहे. अब्राहामही सदोम नगराचा नाश टळावा म्हणून, तिथे किती नीतिमान माणसे सापडली तर ते वाचेल यावर, पन्नासांपासून दहांपर्यंत देवाशी घासाघीस करतो आणि त्याबद्दल त्याला साधी तंबीही मिळत नाही. योनाचे पुस्तक तर देवाच्याच प्रश्नावर संपते : उजवाडावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि कितीतरी गुरेढोरे ज्या निनवेत आहेत, तिची मी कीव करू नये काय? तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न याहून फार वेगळा आहे, असे मला वाटत नाही.

म्हणून जुना करारच नको, असा निष्कर्ष काढू नका. तो मार्ग दुसऱ्या शतकात मार्सियनाने धरला होता आणि मंडळीने तो नाकारला, बरेच केले, नाहीतर होशेय आणि योनाही गेले असते. मी स्वतः असे मानते की यहोशवाच्या त्या पानांवर देवाविषयी माणसांना जेवढे उमगले तेवढे लिहिले गेले, आणि वधस्तंभावरून मारेकऱ्यांसाठी क्षमा मागणाऱ्या ख्रिस्ताच्या उजेडात मला ते वाचावे लागते. तुमच्या पाळकसाहेबांना हे पटणार नाही, अशी शक्यता आहे. त्यांच्याशी जरूर बोला, पण त्यांच्या होकारासाठी मुलीला ताटकळत ठेवू नका.

येत्या रविवारी तिला बाजूला घेऊन सांगा की आतली बाळे मारली गेली असे पुस्तकात लिहिले आहे, ते वाचून बाईंनाही वाईट वाटते, आणि तिने विचारले ते योग्यच केले. नऊ वर्षांच्या मुलीला एवढे पुरते. ती पुढे काही विचारीलच. पतींशी मात्र वाद घालत बसू नका. प्रार्थनेच्या वेळी "प्रेमळ पित्या" म्हणवत नसेल तोवर तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचा. त्याची सुरुवातच "कोठवर?" या तक्रारीने होते, आणि तेही वचनच असल्यामुळे त्यांना हरकत घेता येणार नाही.