रविवारी चर्चला जाते, पण सोमवार ते शनिवार ख्रिस्ती म्हणून जगायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्नाखाली तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. ऑफिसात सगळे करतात तसंच करावं लागतं. शेजारून गणपतीचा प्रसाद आला की काय करावं सुचत नाही. आणि चर्चमधल्याच एका मैत्रिणीशी चार महिने अबोला आहे. तिसरी गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलीत. मी मात्र तिच्यावरच जास्त लिहिणार आहे.

आमची ही चौथी ख्रिस्ती पिढी. पणजोबा नगर जिल्ह्यातले, वडील नोकरीसाठी पुण्यात आले, मी रास्ता पेठेत वाढलो. संडे स्कूल, नाताळची कॅरल्स, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर उन्हाच्या वेळेची येशूच्या क्रुसावरच्या सात वचनांची उपासना, सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. तोटा एवढाच झाला, की चर्चच्या फाटकाबाहेरही यातलं काही करायचं असतं हे फार उशिरा लक्षात आलं.

प्रसादाचं पटकन सांगतो. बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठ ते दहा हे अध्याय एका बैठकीत वाचा. करिंथमध्ये मूर्तींना वाहिलेलं मांस बाजारात विकायला यायचं आणि मंडळीत त्यावरून भांडणं लागायची. पौल म्हणतो, बाजारात मिळतं ते चौकशा न करता खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. आमच्या घरात यावर दोन पक्ष आहेत. बायको प्रसाद घेत नाही. शेजारच्या काकूंना ती हसून सांगते, "तुमच्या हातच्या पुरणपोळ्या शिमग्याला हक्काने मागेन." मी मोदक खातो. पौलाच्याच रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये असं आहे. त्यावर आमचं लग्न एकवीस वर्षं टिकलंय. आणि हे पुणं आहे. १८९० साली इथल्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती लोकांकडे घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांपर्यंत सगळे अडचणीत आले होते आणि प्रायश्चित्ताचा वाद गावभर गाजला होता. कोणाच्या हातचं काय खावं हा प्रश्न दोन्ही बाजूंनी जुना आहे, तुम्ही एकट्या नाही.

ऑफिसचं जरा अवघड आहे, कारण तिथे मी स्वतःच दोषी आहे. मी अकाउंट्समध्ये आहे. राहायचो वडिलांच्या घरात, भाडं एक पैसाही देत नव्हतो, पण कर वाचवायला दर वर्षी घरभाड्याच्या पावत्या लावायचो. महिन्याला ८,३०० रुपये दाखवायचे, म्हणजे वर्षाचे ९९,६०० होतात. लाखाच्या आत राहिलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागत नाही. ही युक्ती ऑफिसात नव्या पोरांनाही मीच शिकवायचो. एका मार्च महिन्यात वडिलांसमोर सहीसाठी पावतीपुस्तक ठेवलं. ते चर्चमध्ये खजिनदार राहिलेले. सही केली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "जक्कय निदान झाडावर तरी चढला होता." जक्कय म्हणजे बायबलमधला तो लबाड जकातदार, येशूला बघायला झाडावर चढलेला. पुढच्या वर्षीपासून पावत्या बंद केल्या. जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं होतं. मी मागचं काही परत केलेलं नाही, हेही सांगायला हवं.

आता अबोला.

वडील गेल्यावर आई कोणाकडे राहणार यावरून थोरल्या भावाचं आणि माझं वाजलं. आई माझ्याकडे राहिली. खर्चाच्या हिशोबात मी त्याला सगळ्यांसमोर असं काही बोललो, की तो जेवणाच्या ताटावरून उठून गेला. पुढे दीड वर्ष आम्ही एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या बाजूच्या बाकांवर बसत होतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. दोघेही पुढे जायचो, दोघेही भाकर घ्यायचो आणि दोन वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडायचो.

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली ती ओवी मला पाठ होती: दान घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. पण नीट वाचली नव्हती. एकदा पाळकांनी दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तिथे लिहिलेलंच नाही. *भावाच्या* मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. म्हणजे माझा राग निवळला होता की नाही हा मुद्दाच नव्हता. दुसरी, ऐकणारे लोक गालीलातले आणि वेदी होती यरुशलेमेत, काही दिवसांच्या पायपिटीवर. म्हणजे अर्पण अर्धवट ठेवून घरी चालत जायचं, समेट करायचा आणि पुन्हा तेवढंच चालत यायचं. माझा भाऊ वडगाव शेरीत राहतो. गाडीवर पंचवीस मिनिटं.

तरी तीन महिने लागले. त्या तीन पहिल्या रविवारी मी प्रभुभोजन घेतलं नाही, बाकावरच बसून राहिलो. आमच्याकडे अशा गोष्टी लोकांच्या लगेच लक्षात येतात. दोघांनी तर "बरं नाही का?" असं विचारलं.

शेवटी एका बुधवारी ऑफिस सुटल्यावर गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि काही न बोलता आत गेल्या. दादा टीव्हीवर मॅच बघत होता, आवाजही कमी केला नाही. मी रस्ताभर घोकलेलं वाक्य होतं, "तू तसं बोललास म्हणून मी तसं बोललो." त्यातला पहिला अर्धा गिळला आणि म्हटलं, "त्या दिवशी ताटावर मी जे बोललो ते चुकलं." तो म्हणाला, "आत्ता आठवलं?" पुढे दहा मिनिटं त्याने मला झाडलं. त्यातलं निम्मं खरं होतं. मग वहिनींनी चहा आणला, तीन कप. तिसरा त्यांचा स्वतःचा होता, म्हणजे त्याही आता बसणार होत्या. तेव्हा जीव भांड्यात पडला.

सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. हिशोबाचा विषय अजून कोणी काढत नाही. पण दर महिन्याला आईच्या औषधांची चिठ्ठी तो घेऊन जातो आणि औषधं आणून देताना तासभर तिच्यापाशी बसतो.

तुमच्या मैत्रिणीचं कुठे बिनसलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, विचारतही नाही. फक्त रविवारी चर्चच्या आवारात तिला गाठू नका, तिथे सगळे बघत असतात आणि मग दोघींनाही गोड बोलावं लागतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, भावाशी अशा वेळी बोलायचं ते "एकांती" असा शब्द आहे. मधल्या वारी जा, फोन न करता गेलात तरी चालेल, आणि "पण तूसुद्धा" हे दोन शब्द घरीच ठेवून जा.