विमान हादरलं, तेव्हा लेक पंखाकडे बघत होती

प्रश्न: मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलगी नाशिकला बारावी सायन्सला आहे, फिजिक्स-मॅथ्स घेतलंय. गेल्या महिन्यात दिल्लीहून ओझरला येताना विमान वर स्थिर उडत असताना एकदम खाली आदळल्यासारखं झालं. चहा छताला उडाला, हवाईसुंदरी ट्रॉली धरून खालीच बसली. मी सप्तशृंगीचा धावा करत होतो आणि पोरगी खिडकीतून पंखाकडे बघत होती. घरी येऊन म्हणाली, 'मला पायलटच व्हायचंय.' लेकीला असल्या नोकरीत कसं घालू?

उत्तर: नमस्कार दादा. पत्र वाचताना मी त्या पंखापाशीच अडकलो. हलतोय, वाकतोय, आता मोडतो की काय, असंच तुम्हाला वाटलं असणार. पण पंख वाकण्यासाठीच बनवलेला असतो. 1995 मध्ये बोईंगने 777 विमानाचा पंख चाचणीसाठी मुद्दाम वाकवत नेला. प्रत्यक्ष उड्डाणात जास्तीत जास्त जितका भार येईल, त्याच्या 154 टक्क्यांना तो मोडला. नियम त्या भाराच्या दीडपट सोसण्याचा आहे.

आता कॉकपिटमध्ये काय चालतं ते सांगतो, कारण लेकीची नोकरी तिथे असेल. विमानाच्या रडारला पावसाचे थेंब दिसतात, म्हणून ढग टाळता येतो. पण उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या कडेला निरभ्र हवेतही धक्के बसतात. तिथे थेंबच नाहीत, मग रडार तरी काय दाखवणार? अशा वेळी आधी पट्ट्याचा दिवा लागतो, केबिन क्रूला बसायला सांगतात. वेग अशा हवेसाठी ठरवून दिलेल्या आकड्यावर आणतात. ऑटोपायलट शक्यतो चालूच ठेवतात. उंची शंभर फूट इकडेतिकडे झाली तरी तिच्यामागे धावत नाहीत, नाक आणि पंख सरळ आहेत ना एवढं बघतात. मग जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलरकडे दुसरी उंची मागतात आणि इथली हवा खराब आहे हेही कळवतात, म्हणजे मागून येणारे सावध होतात. हात शिवशिवत असताना स्टिक ओढायची नाही, हे या कामातलं सगळ्यात अवघड. तुमच्या लेकीचा पिंड तसा आहे का, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. गारपिटीच्या दिवशी घरात कोण आरडाओरडा करतं आणि कोण गुपचूप ताडपत्री शोधतं, आठवून बघा.

धोका नाही असं म्हणणार नाही. मे 2024 मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर 37 हजार फुटांवर असताना अशाच धक्क्यांत सापडलं. एक प्रवासी दगावला, अनेक जखमी झाले. तपासाच्या प्राथमिक अहवालात काय निघालं? 4.6 सेकंदांत विमान 178 फूट खाली आलं, बस्स. विमान शाबूत होतं. पट्टा न बांधलेली माणसं छतावर आपटली. म्हणून अशा वेळी केबिन क्रूला जास्त लागतं, ते उभे असतात. पायलट सीटवर असेपर्यंत पट्ट्यात असतो.

मला काळजी वाटते ती पैशाची. कमर्शियल पायलट लायसन्सला 200 तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च पन्नास लाखांच्या घरात सहज जातो. वर टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता, वेगळं, आणि लायसन्स हातात आलं की नोकरी लागलीच असंही नाही. वर्ष-दोन वर्षं घरी बसलेली मुलं माझ्याकडे येतात. त्यामुळे क्लासची फी भरण्याआधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) यादीतल्या डॉक्टरकडून 'क्लास टू' ही पहिली वैद्यकीय तपासणी करून घ्या, नंतर 'क्लास वन' ही कडक तपासणी. डोळे, कान, हृदय सगळं त्यात बघतात. चष्मा असला म्हणून लगेच बाद करत नाहीत, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर ते आत्ताच कळलेलं बरं. परीक्षेत हवामानशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो. रोज ढग बघणाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला तो जड जाऊ नये, असा आपला माझा अंदाज.

एनडीएचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा) फॉर्मही भरून ठेवा. तिथे आता मुलींना प्रवेश आहे, हवाई दलात निवड झाली तर प्रशिक्षणाचा खर्च तुमच्यावर नाही. वयाची अट मात्र कडक आहे, बारावीतच बघा.

मेडिकलचा निकाल हातात येईपर्यंत बागेवर कर्ज काढू नका. आणि पुढच्या वेळी दिल्लीला जाल तेव्हा दिवा विझला तरी पट्टा बांधलेलाच ठेवा, जरा सैल केला तरी चालेल.